जुन्या व्हर्जनचा सपोर्ट कधी सोडायचा? टक्केवारी नको, तारीख सांगा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.९ व्हर्जनला ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द पायथनवाल्यांनीच रामराम ठोकला. काही लायब्रऱ्यांनी (म्हणजे इतरांनी वापरावं म्हणून लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्यांनी) तर त्याच्या आधीच "आमच्या पुढच्या व्हर्जनला ३.१० तरी लागेल" म्हणून सांगून टाकलं होतं, बाकीच्या आता सांगायल्यात, आणि आपल्याकडच्या डेव्हलपर मंडळींत तेच जुनं भांडण परत पेटलंय. एक गट म्हणतो, अरे अपग्रेड करा ना, फुकट तर मिळतंय, पाच वर्षं झोपला होतात का? दुसरा म्हणतो, तुमचं काय जातंय पुण्यात एसीत बसून बोलायला, इकडं जालन्याच्या मोंढ्यात अडत दुकानात जो कॉम्प्युटर चालायलाय तो बदलून कोण देणार, तुम्ही? मग पहिला दुसऱ्याला आळशी म्हणतो, दुसरा पहिल्याला माजलेला म्हणतो, दोघंही दमतात आणि गप्प बसतात, पुढच्या लायब्ररीची घोषणा येईपर्यंत. मला दोन्ही गटांचा राग येतो, कारण सपोर्ट सोडायचा की नाही असं काही विचारण्यासारखं यात नाहीच, तो कधी ना कधी सोडावाच लागतो. कधी सोडायचा आणि ते "कधी" कशावरून ठरवायचं, एवढाच प्रश्न आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग शिव्या घालायला सोपं जाईल. जुन्या व्हर्जनचा सपोर्ट कॅलेंडर बघून सोडावा. तारीख भरपूर आधी जाहीर करावी आणि मग ती पाळावी. अजून किती लोक वापरतात ते मोजून ठरवू नये, कोण जास्त ओरडतंय ते बघून तर नाहीच नाही, आणि मेंटेनरला, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याला, एखाद्या रविवारी कंटाळा आला म्हणून त्याच दिवशी झटक्यात काढून टाकणं तर सगळ्यात वाईट. तारीख उलटून गेल्यावरही ज्याला जुनंच पाहिजे असेल त्याला जुनं मिळत राहावं, पण ते दुरुस्त करत बसायचा खर्च त्यानं करावा.

आता मोंढ्यातल्या दुकानाची बाजू. ही बाजू हसण्यावारी नेणाऱ्यांनी एकदा लातूर, परभणी, नाहीतर नांदेडच्या नव्या मोंढ्यात जाऊन बसावं. "अपग्रेड फुकट आहे" हे वाक्य तिथं साफ खोटं ठरतं. दुकानात विंडोज ७ आहे आणि पायथन ३.९ पासून पुढचं कुठलंच व्हर्जन विंडोज ७ वर चालत नाही, ३.८ ला गाडी थांबते. म्हणजे पायथन बदलायचं तर विंडोज बदलायचं, विंडोज ११ टाकायचं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असलेला बोर्ड पाहिजे म्हणजे मशीनच नवीन, नवीन मशीनला जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची केबल लागत नाही, वजनकाट्याचा सीरियल पोर्ट नाही, आणि हे सगळं सोयाबीनच्या सीझनमध्ये करायचं म्हटलं तर मालक तुम्हाला दुकानाची पायरी चढू देणार नाही. "चालू हाय ना, मग कशाला हात लावायलाव?" असं तो विचारतो तेव्हा त्यात अडाणीपणा काहीच नसतो, धंद्याचा साधा हिशोब असतो. वाळूज एमआयडीसीत तर याच्याही पुढची गोष्ट, सीएनसी मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर अजून एक्सपी, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला बंद केला. मशीन धडधाकट आहे, रोज पार्ट काढतंय, पण त्याचा ड्रायव्हर नवीन विंडोजसाठी कुणी लिहिलाच नाही. कॉम्प्युटरसाठी लाखोंचं मशीन भंगारात काढायचं का? नाही काढणार कुणी, आणि काढूही नये.

(कॉलेजमध्ये अजून डॉसबॉक्समध्ये टर्बो सी हा जुनाट कंपायलर उघडून प्रॅक्टिकल घेणाऱ्यांना मी या यादीत धरत नाही. तिथं ना मशीनची अडचण ना पैशाची, त्याच कामाचं नवीन जीसीसी फुकट मिळतं. तिथं फक्त जर्नल परत लिहायचा कंटाळा आहे.)

तर मोंढ्यातली अडचण शंभर टक्के खरी. पण तिच्यावरून जो निष्कर्ष काढतात, की म्हणून लायब्ररीनं ३.८ चा सपोर्ट चालू ठेवलाच पाहिजे, तो कुठून येतो हे मला आजवर कळलेलं नाही. लायब्ररीनं सपोर्ट सोडला त्या दिवशी त्या दुकानात नेमकं काय झालं? काहीही नाही. सॉफ्टवेअर सकाळी उघडलं, पट्टी निघाली, हमाली-तोलाई कापली गेली. इन्स्टॉल झालेली लायब्ररी हार्ड डिस्कवर आहे तशीच आहे, ती कुणी येऊन उचलून नेत नाही. उद्या हार्ड डिस्क उडाली आणि परत इन्स्टॉल करायची वेळ आली तरी पिप या पायथनच्या लायब्रऱ्या उतरवणाऱ्या साधनाच्या ९.० पासून, म्हणजे २०१६ पासून, लायब्ररीवाल्यानं कुठलं पायथन चालतं एवढं नीट लिहिलेलं असलं तर पिप आपोआप त्या पायथनला चालणारं शेवटचं व्हर्जन काढून देतं. आयपायथन या लायब्ररीनं २०१७ मध्ये ६.० काढताना पायथन २ सोडलं ते याच सोयीच्या भरवशावर, पायथन २ वाल्याला नवीन पिपनं मुकाट ५ ची मालिका मिळत राहिली. आणि ज्याला पिपवरही भरवसा नाही त्यानं सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर ठेवाव्यात, पाच मिनिटाचं काम आहे आणि इंटरनेट गेलं तरी चालतं.

मग तुटतं ते काय? पुढच्या दुरुस्त्या येणं बंद होतं, विशेषतः सिक्युरिटीच्या. हे नुकसान मी मान्य करतो. पण दोन शक्यता धरून बघा. दुकानातला कॉम्प्युटर नेटला जोडलेलाच नसेल तर त्या दुरुस्त्यांची गरज फार थोडी. आणि जोडलेला असेल, तर त्या मशीनवरच्या विंडोज ७ चा सपोर्टच १४ जानेवारी २०२० ला संपलाय, खालचा सगळा पायाच उघडा आहे, त्यावर एका लायब्ररीनं स्वतःचं भोक बुजवलं तर त्या मशीनचं कितीसं रक्षण झालं? भिंत पडलेली असताना खिडकीला नवीन कडी बसवून घ्यायची आणि तीही शेजाऱ्याच्या पैशानं, असा तो आग्रह आहे.

शेजाऱ्याचे पैसे हे उगाच म्हणत नाही. सपोर्ट म्हणजे काय याची कल्पनाच पुष्कळांना नसते, त्यांना वाटतं जुनं तसंच पडू द्यायचं, त्याला काय खर्च. समजा एक लायब्ररी पायथनची सहा व्हर्जन, तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि दोन डेटाबेस सांभाळते. सहा गुणिले तीन गुणिले दोन, छत्तीस जोड्या झाल्या. प्रत्येक छोट्या बदलानंतर या छत्तीसच्या छत्तीस जोड्यांवर टेस्ट हिरव्या यायला पाहिजेत आणि एक जरी लाल झाली तर काम अडलं, आणि लाल होते ती बहुतेक वेळा सगळ्यात जुनीच असते. पायथनची दोन व्हर्जन सोडली की छत्तीसचे चोवीस होतात. शिवाय भाषेत आलेली नवीन सोय वापरायची नाही, कारण जुन्याला ती कळत नाही. पायथन ३.६ मध्ये डिसेंबर २०१६ ला एफ-स्ट्रिंग (मजकुरात किंमती सहज भरायची सोय) आली, पण २.७ सांभाळणाऱ्या लायब्ररीवाल्यांना ती पुढं कितीतरी दिवस नुसती लांबून बघावी लागली. नवीन पोरगं मदतीला येतं, कोड उघडतं, त्यात ठिकठिकाणी "जुनं असेल तर हे, नवीन असेल तर ते" असे फाटे बघतं आणि परत येत नाही. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही म्हणून तो नाही असं समजायचं?

आता आपल्याकडचीच एक जुनी गोष्ट सांगतो, सपोर्ट कसा सोडावा याचा याच्यापेक्षा चांगला धडा मला तरी कुठं मिळाला नाही. निजामाच्या राज्यात आपला स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, तेव्हाचे आपले मराठवाड्याचे पाचही जिल्हे त्यावर चालायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवंडी पिटून हाली बंद, असं झालं का? नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया हालीच्या जोडीला आणला, सात हालीला सहा भारतीय असा भाव बांधून दिला. १९५१ मध्ये नवीन हाली काढणं थांबवलं. पण लोकांच्या गाठीला होता तो हाली कायद्यानं चालत राहिला, तो रद्द झाला थेट १९५९ मध्ये. बघा किती नीट पायऱ्या आहेत: आधी नवं आणि जुनं शेजारी शेजारी, बदलून घ्यायचा भाव ठरलेला, मग जुनं नवीन निघणं बंद पण असलेलं चालू, आणि मग एक दिवस पूर्ण बंद. आपण ज्याला आज डेप्रिकेशन म्हणतो आणि कालच सिलिकॉन व्हॅलीत शोध लागल्यासारखं बोलतो ते आपल्या आजोबांनी कनवटीला बांधून फिरवलंय.

आणि त्याचा त्रासही बघा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, नये पैसे. म्हणजे १९५७ ते ५९ मध्ये मराठवाड्यातल्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यात कायद्यानं तरी हाली रुपया चालत होता, भारतीय रुपयाचे आणे चालत होते आणि वर नये पैसे. एकाच वेळी तीन हिशोब. त्यात १९५८ पासून शेर आणि मणाच्या जागी किलो यायला लागला. दुकानदारानं किती काळ हे ओढायचं? कुणीतरी म्हटलंच असेल की खेड्यात म्हातारीच्या गाडग्यात अजून हाली आहे, तो संपेपर्यंत थांबा. तो संपलाच नसता. गाडग्यातला हाली बाहेर निघाला असेल तो तारीख जवळ आली म्हणूनच, आणि जो नाही निघाला तो आज नाणी जमवणाऱ्यांकडं आहे. तारीख नसती तर तीन हिशोब अजून दहा वर्षं चालले असते आणि त्यात गंडवला गेला असता तो ज्याला हिशोब येत नाही तोच, म्हणजे ज्याच्या नावानं मुदतवाढ मागायची तोच माणूस.

वापराची टक्केवारी बघून ठरवा म्हणणाऱ्यांचं मला म्हणून पटत नाही. वरवर हा शहाणपणाचा मार्ग वाटतो, लोकशाहीही वाटते. वर्डप्रेसनं वर्षानुवर्षं असंच केलं, ते ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिचं एखादं व्हर्जन साधारण पाच टक्क्यांच्या खाली आलं की सोडायचं. परिणाम काय झाला? पीएचपी ५.२ चा जीव पीएचपीवाल्यांनी जानेवारी २०११ मध्येच सोडला होता, वर्डप्रेसनं ते मे २०१९ पर्यंत पाठीवर घेतलं, आठ वर्षं. आपल्याकडच्या शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालयं यांच्या साइट ज्या स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर असतात तिथल्या होस्टिंगवाल्याला मग घाई कशाची? वर्डप्रेस चालतंय, गिऱ्हाईक ओरडत नाही, पाच टक्के कशाला खाली येतील. होस्टिंगवाला वर्डप्रेसकडं बघतो, वर्डप्रेस टक्केवारीकडं बघतं, टक्केवारी होस्टिंगवाल्यामुळं हलत नाही.

वर्डप्रेसकडं निदान साइट मोजायची सोय आहे. लायब्ररीचे लोक डाउनलोडचे आकडे दाखवतात, ते तर बघूच नयेत. पायपीआय या पायथन लायब्रऱ्यांच्या कोठारावरच्या डाउनलोडमध्ये माणसं थोडी आणि सर्व्हर जास्त, एकेका कंपनीचं टेस्टिंगचं मशीन दिवसभर तीच लायब्ररी पुन्हा पुन्हा उतरवत असतं. आणि आपलं मोंढ्यातलं दुकान? त्यानं एकदा इन्स्टॉल केलं, त्यानंतर कधीच डाउनलोड केलं नाही. ज्याच्यासाठी म्हणून आकडे बघायचे तो आकड्यात नाहीच! बँकेचं एखादं विसरलेलं मशीन मात्र हजार वेळा मोजलं जातं.

आता विरोधकांचा सगळ्यात तगडा मुद्दा, जो ते नीट मांडत नाहीत म्हणून मीच मांडतो. नवीन म्हणजे सुरक्षित हे गृहीतच चूक आहे. २०१४ चं हार्टब्लीड हे भोक ओपनएसएसएल या नेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या लायब्ररीच्या १.०.१ मालिकेत होतं, जे जुन्या ०.९.८ वर आळस करून बसले होते ते वाचले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल या भोकानं जगाची झोप उडवली ते लॉग४जे २ या जावा भाषेतल्या लायब्ररीमध्ये, ऑगस्ट २०१५ पासून बेवारस असलेल्या लॉग४जे १ ला त्या भोकाची झळ लागली नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातला तो ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या व्हर्जनमध्ये, डेबियन या लिनक्सची स्थिर आवृत्ती जुनं एक्सझेड वापरत होती म्हणून सुटली. तीन मोठे अपघात, तिन्ही वेळा जुनं वापरणारा वाचला. याला उत्तर आहे का?

आहे, पण "ते अपवाद होते" असं म्हणून हात झटकणारं नाही. लॉग४जे १ वाले लॉग४शेलपासून वाचले, पण त्याच लॉग४जे १ मध्ये नंतर वेगळी भोकं सापडली आणि लॉग४जे काढणाऱ्या अपाचे संस्थेनं ती बुजवली नाहीत. एका दरोड्यात आपलं घर चुकलं म्हणून कुलूपच नको असं ठरवत नाही कुणी. दुसरं, डेबियन स्थिर वापरणारे सोडून दिलेलं काही वापरत नव्हते, ते जुनं पण सांभाळलेलं वापरत होते. अगदी आजचं ताजं आणि पार बेवारस यांच्यामध्ये भरपूर जागा आहे आणि माझा सगळा आग्रह त्या जागेची हद्द तारखेनं आखून द्या एवढाच आहे. पहिल्या दिवशी उडी मारू नका, पण शेवटच्या तारखेच्या आत या. आणि एक्सझेडचं उदाहरण देणाऱ्यांनी ते जरा पूर्ण वाचावं. चोर आत शिरला कसा? ती लायब्ररी एक माणूस बिनपगारी सांभाळत होता, दमला होता, आणि मेलवर मेल टाकून त्याच्यावर दबाव आणला गेला की तुझ्याच्यानं होत नाही तर दुसऱ्याला हात लावू दे. ते दबाव टाकणारे खोटे होते असं आता मानतात, पण खरे लोक तरी वेगळं काय लिहितात? "माझं जुनं व्हर्जन का तोडलंस, लगेच दुरुस्त कर" ही मेलची भाषा आपण सगळ्यांनी वाचली आहे. दमलेल्या मेंटेनरवर आणखी दहा जुनी व्हर्जन लादणं ही सुरक्षा नाही, तेच मोठं भोक आहे.

लॉग४जेच्या प्रकरणात अपाचेच्या लोकांनी एक गोष्ट केली ती इथं नोंदवायला पाहिजे. मुख्य दुरुस्ती जावा ८ साठी आली, पण त्यांनी जावा ७ साठी २.१२.२ आणि जावा ६ साठी २.३.१ सुद्धा काढून दिलं. सोडलेल्या व्हर्जनला दुरुस्ती देणं म्हणजे माझ्या मताविरुद्ध झालं की नाही? मला तसं वाटत नाही. घराला आग लागल्यावर शेजारधर्म म्हणून पाण्याची बादली घेऊन येणं वेगळं आणि रोज पाणी भरायचा ठेका घेणं वेगळं. अडचण तेव्हा होते जेव्हा एकदा आणलेली बादली पुढच्या वेळी हक्क म्हणून मागितली जाते.

मुदतवाढ कधीच द्यायची नाही का मग? पायथन २ ची मूळ तारीख २०१५ होती. २०१४ मध्ये ती पाच वर्षं पुढं ढकलून २०२० केली. ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये, म्हणजे अकरा वर्षं दोन्ही शेजारी शेजारी. या मुदतवाढीवर माझं मत दोन्हीकडं झुकतं. एकीकडं २०१५ ला सोडलं असतं तर मोठमोठ्या लायब्रऱ्याच तयार नव्हत्या, लोक खड्ड्यात पडले असते. दुसरीकडं माझ्या बघण्यात तरी त्या पाच वर्षांतली पहिली तीन पुष्कळांनी आरामात घालवली. खरी हालचाल झाली ती जॅंगो या वेबसाइट बांधायच्या लायब्ररीनं डिसेंबर २०१७ मध्ये २.० काढून पायथन २ सोडलं तेव्हा, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीनं १.१६ हे पायथन २.७ चं शेवटचं म्हणून सांगितलं तेव्हा. पण दुसऱ्या वेळी मुदतवाढ मिळाली नाही हे महत्त्वाचं. १ जानेवारी २०२० म्हणजे १ जानेवारी २०२०, ठरल्याप्रमाणं एप्रिलमध्ये एक शेवटचं २.७.१८ काढलं आणि दुकान बंद. ज्यांना त्यापुढंही पाहिजे होतं त्यांना रेड हॅट या लिनक्स कंपनीनं २०२४ पर्यंत सांभाळून दिलं, पैसे घेऊन. पायपाय या पायथन वेगानं चालवणाऱ्या प्रकल्पाला स्वतःलाच २.७ लागतं म्हणून ते अजून स्वतःपुरतं सांभाळतात, स्वतःच्या घामानं. गरज असलेल्यानं खर्च उचलायचा म्हणतो ते हेच.

साइटना सुरक्षेची प्रमाणपत्रं फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची मुदतवाढ मात्र मला पूर्ण पटते. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की अँड्रॉइडचे ३३.८ टक्के फोन ७.१ पेक्षा जुने आहेत आणि जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं की त्या फोनवर आमची प्रमाणपत्रं वापरणाऱ्या साइट नीट उघडणार नाहीत. आपल्याकडं त्या काळात घरातला एकच जुना फोन पोरांच्या ऑनलाइन शाळेला लागलेला होता, आठवतंय ना. त्यांनी खटपट करून तीन वर्षांची सोय केली आणि २०२४ मध्ये ती संपली. इथं मी टक्केवारी मानतो, कारण तुटणार होतं ते डेव्हलपरचं नाही, ज्याला काय तुटलं हेही कळणार नाही त्या माणसाचं, आणि त्या फोनमधलं जुनं तसंच ठेवून चालण्यासारखं नव्हतं, ते त्या तारखेला बंदच पडणार होतं. लायब्ररीचं तसं नसतं. पण मुदतवाढीलाही शेवटची तारीख होती हे विसरू नका.

याच्या उलट, खरा विश्वासघात कसा असतो ते सेंटओएस ८ या फुकटच्या लिनक्सनं दाखवलं. २०२९ पर्यंत चालेल असं सांगितलेलं. त्या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा, आणि डिसेंबर २०२१ ला संपलं. उरलेल्या साधारण साडेआठ वर्षांचं एक वर्ष केलं. मी सपोर्ट सोडण्याच्या बाजूचा माणूस, पण तेव्हा चिडलेल्यांच्या बाजूनं होतो, कारण तारीख म्हणजे शब्द दिलेला असतो आणि तो अलीकडं ओढायचा असेल तर फार मोठं कारण लागतं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड १६ ची तारीखही अलीकडं ओढली होती, एप्रिल २०२४ वरून ११ सप्टेंबर २०२३, पण का? कारण ते ज्या ओपनएसएसएल १.१.१ वर उभं होतं त्याचाच सपोर्ट त्या दिवशी संपणार होता, आणि हे त्यांनी वर्षभर आधी कारणासकट सांगितलं. तारीख दोघांनीही अलीकडं ओढली, पण एकात माणूस तयारी करू शकतो आणि दुसऱ्यात सकाळी उठून कपाळाला हात लावतो.

एकेकट्या लायब्ररीला तारीख पाळणं जड जातं हेही खरं, सगळ्या शिव्या तिच्याच वाट्याला येतात. त्यावरचा उपाय २००७-०८ मध्येच सापडलाय. पीएचपी ४ काही केल्या मरत नव्हतं, तेव्हा ड्रुपल, पीएचपीमायॲडमिन अशा बऱ्याच प्रकल्पांनी मिळून ठरवलं की ५ फेब्रुवारी २००८ पासून आमच्या नवीन व्हर्जनला पीएचपी ५.२ लागेल, गोपीएचपी५ असं त्या मोहिमेचं नाव. सगळ्यांनी एकाच दिवशी म्हटल्यावर होस्टिंगवाला कुणाकुणाला नाही म्हणणार? पायथनच्या वेळी नमपाय आणि इतरांनी २०२० च्या आधी तसंच सामायिक वचन दिलं. आता तर विज्ञानातल्या पायथन लायब्रऱ्यांनी लिहूनच ठेवलंय, पायथनचं व्हर्जन निघाल्यापासून तीन वर्षं आणि मुख्य लायब्रऱ्यांचं व्हर्जन दोन वर्षं, त्यापुढं नाही. तीन वर्षं मला कमी वाटतात, पायथन स्वतः पाच देतं तर तेवढीच द्यावीत असं माझं मत, पण निदान भांडायचं तर आकड्यावर भांडता येतं, कुणाच्या मनातलं ओळखत बसावं लागत नाही. आणि गरीब गिऱ्हाइकाला याचाच आधार होतो. "सगळ्यांनीच सोडलंय" हे तो होस्टिंगवाल्याला, व्हेंडरला तोंडावर सांगू शकतो.

जुनं सोडणं म्हणजे जुनं पुसून टाकणं नव्हे, ही गोष्ट मात्र दोन्ही गटांनी डोक्यात ठेवावी. २०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली तेव्हा तहसील कचेऱ्यांत जुनी दप्तरं उघडली गेली, त्यातलं किती मोडीत, किती उर्दूत, आणि वाचणारे शोधत फिरावं लागलं. आज कुणी सातबारा मोडीत लिहा म्हणणार नाही, पण ते दप्तर जाळलं असतं तर? लायब्ररीची जुनी व्हर्जन, त्यांचं डॉक्युमेंटेशन, ते चालवणारं जुनं पायथन, हे सगळं कायम उतरवता यायला पाहिजे. काही प्रकल्प जुन्या व्हर्जनचं डॉक्युमेंटेशनच साइटवरून काढून टाकतात, त्याला माझा सक्त विरोध आहे. ठेवायला असा किती खर्च येतो?

राहिला आपला, म्हणजे मध्ये बसलेल्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांचा भाग, ज्यावर कुणी बोलत नाही कारण बोलणारे आपणच. संभाजीनगर, लातूर, नांदेडमध्ये दुकानदाराला सॉफ्टवेअर विकतो तो आपण. दरवर्षी एएमसी, म्हणजे देखभालीचे वार्षिक पैसे, घेतो तो आपण. त्या एएमसीच्या कागदावर "पायथन अमुक, सपोर्ट अमुक तारखेपर्यंत, त्यानंतर अपग्रेडचा खर्च वेगळा, अंदाजे इतका" अशी एक ओळ किती जण लिहितात? तारखा तर पायथन, जॅंगो, पीएचपी, विंडोज सगळ्यांच्या जाहीर आहेत, जॅंगो ५.२ चं एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट) एप्रिल २०२८ पर्यंत आहे हे आजच माहीत आहे. मालकाला सोयाबीनचा भाव पुढच्या वर्षी काय राहील ते कळत नाही तरी तो पेरतोच ना, मग तीन वर्षांनी कॉम्प्युटरला खर्च येणार हे आधी सांगितलं तर तो ऐकून घेईल. आपण सांगत नाही, कारण सांगितलं तर कोटेशन महाग दिसतं आणि शेजारचा ऑर्डर घेऊन जातो. मग तारीख येते, आपण परदेशातल्या कुठल्यातरी बिनपगारी मेंटेनरकडं बोट दाखवतो की बघा यांनी गरिबाचं सॉफ्टवेअर तोडलं. एएमसीचे पैसे त्याच्याकडं गेले होते का?

आणि ज्यांची स्वतःची छोटी लायब्ररी आहे, एकट्यानं चालवतात, त्यांना वेगळं कॅलेंडर बनवत बसायची गरज नाही. रीडमीमध्ये (लायब्ररीच्या माहितीच्या फायलीत) एक ओळ टाका: पायथननं ज्या व्हर्जनचा सपोर्ट सोडला ते आम्ही त्यानंतरच्या पहिल्या रिलीजमध्ये सोडू. ते व्हर्जन सोडताना मेजर नंबर (आपल्या व्हर्जनमधला पहिला आकडा) वाढवा, उगाच मायनरमध्ये गुपचूप सरकवू नका, कुठलं पायथन चालतं ते मेटाडेटात नीट लिहा म्हणजे पिप जुन्यांना जुनं देईल, आणि शेवटच्या जुन्या रिलीजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) ठळक लिहा की हे शेवटचं. कुणी येऊन म्हणालं मला ३.८ साठीच दुरुस्ती पाहिजे, तर त्याला ब्रांच (कोडची वेगळी फांदी) काढून द्या, टेस्ट कुठं चालवायच्या ते सांगा, आणि त्याचा पॅच आला तर घ्या.